बाहेरचा विषय कोणाचा? : संगीतरचनेच्या पदवीच्या अटींसंबंधी

१

संगीताच्या पदवीला कोणत्या अटी असाव्यात, हा प्रश्न दलित साहित्य आणि समाजचिंतनाच्या त्रैमासिकात कशासाठी, असे काही वाचकांना वाटण्याचा संभव आहे. कविता, कादंबरी, आत्मकथन यांची समीक्षा करण्याची आपल्याला सवय आहे. परंतु विद्यापीठाचा अभ्यासक्रम हाही एक ग्रंथच असतो. त्याला लेखक असतात. त्यामागे एक जीवनदृष्टी असते. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला वगळायचे, हे त्याच्या पानापानांवर ठरलेले असते. कादंबरी पटली नाही तर वाचक ती मिटून ठेवतो. अभ्यासक्रम पटला नाही तर विद्यार्थ्याला वर्ष गमवावे लागते. तेव्हा या ग्रंथाची समीक्षा व्हायला हवी आणि ती आपण करायला हवी.

मी येथे ज्या पदवीचा विचार करतो आहे, ती 'संगीतरचना आणि संगीताबाहेरचे एक क्षेत्र' अशी जोडपदवी आहे. संगीतरचना म्हणजे नवे गीत घडवणे, नवी चाल बांधणे, वाद्यमेळ आखणे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या जेकब्ज संगीत विद्यालयात अशी पदवी आहे. तेथे विद्यार्थी संगीताचे शिक्षण घेतो आणि त्याच्या जोडीला संगीताबाहेरचे एक क्षेत्र निवडून तेही पद्धतशीरपणे शिकतो. आपल्याकडे इतके दिवस असे काही बोलणेही शक्य नव्हते. पण महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवीची नवी चौकट आली. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक, एक मेजर, एक मायनर, आणि ओपन इलेक्टिव्ह म्हणून दुसऱ्या विद्याशाखेतील विषय सक्तीचे. मायनरला १८ ते २० आणि ओपन इलेक्टिव्हला १० ते १२ श्रेयांक त्या निर्णयात सांगितले होते. पुढे तपशिलात फेरबदल झाले, सांगाडा तोच राहिला. म्हणजे 'बाहेरचे क्षेत्र' ही आता परदेशी चैन उरलेली नाही. तो प्रत्येक विद्यार्थ्याला लागू असलेला नियम आहे.

गोंडवाना विद्यापीठ २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन अरण्यबहुल जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. उद्या या दोन जिल्ह्यांत कोणी संगीतरचना हा मेजर आणि बाहेरचे एक क्षेत्र हा मायनर अशी पदवी मांडायची ठरवली, तर तिच्या अटी काय असाव्यात? आणि त्याआधीचा प्रश्न असा की, येथल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने 'आतले' कोणते आणि 'बाहेरचे' कोणते? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर पहिल्या प्रश्नावर कितीही समित्या बसवल्या तरी हाती काही लागणार नाही.

२

आपल्या विद्यापीठांतील संगीताच्या पदवीचा सांगाडा सर्वत्र जवळजवळ एकच आहे. नाद, श्रुती, स्वर, सप्तक, थाट, राग यांच्या व्याख्या. नेमलेल्या रागांची माहिती. तालांचे ठेके आणि त्यांची दुगुण. पंडित विष्णु नारायण भातखंडे व पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांची चरित्रे. आणि प्रात्यक्षिकात नेमलेल्या रागांतील ख्याल. खासगी परीक्षांची वाटही अशीच आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. पायरी चढत जाते, रागांची संख्या वाढत जाते, परंतु परीक्षकाचा प्रश्न बदलत नाही. जे नेमले आहे ते तुम्ही बिनचूक गाऊन दाखवता का, हाच तो प्रश्न. तुम्ही स्वतः काय रचले, असे कोणी विचारत नाही. अगदी वरच्या वर्गात कुठे दिलेल्या ओळींना चाल लावण्याचा एखादा प्रश्न आला तर तेवढेच.

मला या सांगाड्याची थट्टा करायची नाही. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा संगीत दरबारातून आणि घराण्याच्या बंद दारातून बाहेर काढून शाळेत आणण्याचे काम त्यांनी केले. भातखंड्यांनी उस्तादांकडून शेकडो चिजा मिळवल्या, त्या लिपिबद्ध केल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत कोणालाही विकत घेता येतील अशा करून ठेवल्या. ज्ञानावरील कुलूप काढण्याचे हे काम लहान नव्हते. आमच्या मुलाने यमन शिकू नये, स्वरलिपी शिकू नये, असे म्हणणारा माणूस आमचा मित्र नव्हे. जे ज्ञान आमच्यापासून दूर ठेवले गेले, ते आम्ही आमच्याच हाताने पुन्हा दूर लोटायचे काय?

पण याच इतिहासात एक गोष्ट आहे, तिच्याकडे अभ्यासक्रम लिहिणारे पाहत नाहीत. भातखंडे स्वतः रचनाकार होते. 'चतुर' या नावाने त्यांनी लक्षणगीते रचली. रागाचे नियम सांगणारी गाणी त्यांना हवी होती, ती कोठे तयार नव्हती, म्हणून त्यांनी ती केली. दुसरे असे की, ज्या चिजा आज आपण पाठ्यपुस्तकातून पाठ करतो त्या पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत होत्या. त्या जपणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे औपचारिक शिक्षण शून्य होते. म्हणजे मौखिक परंपरा विद्यापीठाच्या दारात येऊ शकते, तिला लिपी मिळू शकते, तिच्यावर परीक्षा होऊ शकते. एकदा हे झालेले आहे. मग ज्या न्यायाने उस्तादाची चीज आत आली, त्या न्यायाने शाहिराची चाल आत का आली नाही? चीज दरबारातून आली आणि चाल वस्तीतून येणार होती, एवढेच काय ते कारण मला दिसते.

३

आता आमच्या भागात संगीतरचना कोण करते, ते पाहू.

ज्या नागपूर विद्यापीठातून आमचे विद्यापीठ निघाले, त्याला २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. हा माणूस शाळेत फारसा शिकलेला नव्हता. हातात खंजिरी घेऊन, स्वतः रचलेली भजने स्वतःच्या चालींत म्हणत तो गावोगाव हिंडला. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरला १९४२ च्या ऑगस्टमध्ये जो उठाव झाला, त्याच्याशी या भजनांचे नाव जोडले गेले आणि महाराजांना तुरुंगात जावे लागले. ज्याच्या गाण्याची सरकारला भीती वाटली, त्याच्या नावाने विद्यापीठ झाले. पण खंजिरीवर भजन रचणारा मुलगा त्या नावाच्या विद्यापीठात संगीत घेऊन बसला, तर त्याच्या खंजिरीला गुण किती? हा प्रश्न मी कोणाला टोचावे म्हणून विचारत नाही. गुणपत्रिकेत तो रकानाच नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीला जन्मले. त्यांची अक्षरओळख प्रौढ वयात झाली. २००४ साली ते गेले, तेव्हा हजारो गीते मागे ठेवून गेले. त्यांच्या आधी भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी जलशांतून हेच काम करीत होते. आणि त्याही आधी सत्यशोधक जलसे होते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्यानंतर आमच्या वस्त्यांत देवांची गाणी थांबली आणि त्या जागी दुसरी गाणी लागणार होती. ती कोणी दिली? संगीताच्या कोणत्याही पदवीधराने नव्हे. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याने, ढोलकीवाल्याने, जात्यावर बसलेल्या बाईने ती दिली. एका समाजाने एका दशकाच्या आत आपला सगळा गीतसंग्रह बदलला. जन्म, लग्न, मरण, जयंती, मोर्चा या प्रत्येक प्रसंगाला नवी गाणी रचली. संगीतरचनेच्या इतिहासात ही घटना लहान आहे काय? पण बी. ए. संगीताच्या कोणत्या प्रश्नपत्रिकेत तिच्यावर प्रश्न येतो?

वैनगंगेच्या काठाला झाडीपट्टीची रंगभूमी आहे. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचे केंद्र. दिवाळी झाली, धान निघाले की मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके होतात. नाटकाला गाणी हवीत, गाण्यांना चाली हव्यात, आणि त्या याच मोसमात उभ्या कराव्या लागतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना या रंगभूमीचे नाव कळले. त्याच्या पलीकडे, एटापल्ली-भामरागडच्या बाजूला, माडिया मुलेमुली रेला गातात. एक बाजू ओळ टाकते, दुसरी ती उचलते, आणि गाणे गाता गाताच वाढत जाते. तेथे रचनाकार एक नसतो, सगळा घोळका असतो. प्रधानांकडे किंगरी आहे. गोंडांच्या वंशावळी आणि देवकथा तिच्यावर गायच्या, हे त्यांचे पिढीजात काम होते.

या सगळ्याला विद्यापीठात एकच नाव आहे : लोकसंगीत. या शब्दात मोठी सोय आहे. 'लोक' म्हटले की कर्ता नाहीसा होतो. कॅसेटवर 'पारंपरिक' असे छापले की मानधन द्यावे लागत नाही. बंदिशीखाली रचनाकाराची मुद्रा असते, ती विद्यार्थ्याने ओळखावी अशी अपेक्षा असते. वस्तीतल्या गाण्याखाली मात्र नाव शोधण्याची गरजही कोणाला वाटत नाही.

येथे कायदा विद्यापीठाच्या पुढे गेला आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असायला हवे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची जी व्याख्या होती, ती छापलेल्या किंवा लिपीत उतरवलेल्या संगीतापुरती होती. म्हणजे लिहिता न येणारा रचनाकार कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ नव्हताच. १९९४ च्या दुरुस्तीने ही व्याख्या बदलली. संगीतकार म्हणजे संगीत रचणारी व्यक्ती, मग तिने ते स्वरलिपीत उतरवलेले असो वा नसो, असे कायद्याने मान्य केले. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या मानधनातील वाट्याला संरक्षण दिले. ज्याला लिपी येत नाही तोही रचनाकार आहे, हे संसदेने ज्या वर्षी मान्य केले त्याला तीस वर्षे उलटून गेली. विद्यापीठाने ते अजून मान्य केलेले नाही.

४

'आत' आणि 'बाहेर' यांचा खेळ कसा चालतो, याचे एक उदाहरण आपण दूरच्या देशातून घेऊ. काळ्या लोकांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९७२ च्या दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले.

जॅझ हे अमेरिकेतील काळ्या लोकांचे संगीत. त्यात पदवी देण्याची पहिली सोय टेक्सास राज्यातील नॉर्थ टेक्सासच्या महाविद्यालयात १९४७ साली झाली. 'जॅझ' हा शब्द प्रतिष्ठित वाटत नव्हता, म्हणून त्या अभ्यासक्रमाला 'डान्स बँड' असे नाव दिले गेले. इतपत ठीक. पण त्या महाविद्यालयात १९४७ साली काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता. काळ्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी त्याचे दार न्यायालयाच्या हुकमाने उघडले, ते १९५६ साली. म्हणजे नऊ वर्षे असे चालले की, संगीत आत आणि ते घडवणारा माणूस बाहेर. आमच्याकडे दीक्षाभूमीवर लाखो माणसे उभी राहिली ते हेच वर्ष.

याच्या उलट उदाहरण वर सांगितलेल्या इंडियाना विद्यापीठाचे आहे. तेथे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जॅझ विभागाची धुरा डेव्हिड बेकर या काळ्या संगीतकाराने घेतली आणि चार दशकांहून अधिक काळ सांभाळली. त्याचे शालेय शिक्षण इंडियानापोलिसला काळ्या मुलांसाठी वेगळ्या ठेवलेल्या शाळेत झाले होते. जॅझ कसे शिकवावे याची पुस्तके त्याने लिहिली, तो स्वतः रचना करीत राहिला. ज्यांचे संगीत होते त्यांच्यातला माणूस अभ्यासक्रम लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसला.

या दोन उदाहरणांतून मी एवढाच निष्कर्ष काढतो की, वस्तीचे संगीत अभ्यासक्रमात येणे ही अर्धी गोष्ट आहे. ती अर्धी गोष्ट एकटी आली तर ती आणखी एक लूट ठरते. आपल्याकडे ही लूट लहान प्रमाणावर रोज चालू आहे. महाविद्यालयाला पाहुणे येणार असले की आदिवासी मुलांना नाचायला उभे करतात. मोरपिसे, शिंगे, ढोल, टाळ्या, छायाचित्र. नव्या चौकटीत या नाचाला सहशालेय उपक्रमाचे दोन श्रेयांकही मिळू शकतील. पण ज्या पोराने तो ढोल वाजवला त्याला मेजर म्हणून ढोल घेता येणार नाही. त्याचे वाद्य उपक्रमात, दुसऱ्याचे वाद्य विषयात! भारतीय ज्ञानप्रणाली म्हणून जे श्रेयांक ठेवले आहेत, त्यांत नाट्यशास्त्र येईल, सामवेद येईल. नाट्यशास्त्र स्वतःला सर्व वर्णांसाठीचा पाचवा वेद म्हणवते. ते खरे मानायचे असेल तर भामरागडचा रेला ही भारतीय ज्ञानप्रणाली आहे की नाही, हे विद्यापीठाने एकदा कागदावर सांगून टाकावे.

५

आता आपल्या घरातल्या आक्षेपाकडे वळतो. तो मला सर्वांत गंभीर वाटतो.

माझ्याच वयाचे आणि माझ्यासारखेच घरातले पहिले पदवीधर असलेले काही कार्यकर्ते मला विचारतात, "सर, आपल्या बापजाद्यांनी डफडे फेकून दिले ते कशासाठी? तुम्ही ते विद्यापीठाच्या वाटेने परत आणता आहात." हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. डफडे, हलगी, सनई ही आमच्याकडे वाद्ये म्हणून आली नाहीत, वेठ म्हणून आली. लग्नात पुढे, मयतात पुढे, दवंडीला पुढे, आणि जेवणाच्या पंगतीत सर्वांत शेवटी. वाजवणाऱ्याने 'नाही' म्हणायची सोय नव्हती. मेलेल्या ढोराचे कातडे ओढायचे, तेच मढवायचे आणि तेच गावासाठी बडवायचे. बाबासाहेबांनी हलकी कामे सोडा म्हणून सांगितले तेव्हा अनेक गावांत वाजवणेही सुटले. ते सोडणे हा सांस्कृतिक ऱ्हास नव्हता, तो बंडाचा एक भाग होता. आज कोणी शहरी कलाप्रेमी येऊन 'तुमची परंपरा लोपते आहे हो' म्हणून हळहळतो, तेव्हा त्याला हे सांगावे लागते.

मग मी ही पदवी का मागतो? वेठ आणि विद्या यांत भेद आहे म्हणून. तो भेद वाद्यात नसतो, अटींत असतो. वाजवणाऱ्याला निवड आहे का? त्याला नकार देता येतो का? त्याला मोबदला आणि नाव मिळते का? आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे : ते वाद्य दुसऱ्या जातीचा मुलगा शिकतो का? हलगी जोवर फक्त मांगाच्या पोराच्या गळ्यात आहे तोवर ती जात आहे. ज्या दिवशी जोशी आणि देशमुख यांची मुले हलगीची परीक्षा देण्यासाठी मांग वस्तीतल्या माणसासमोर विद्यार्थी म्हणून बसतील, तो माणूस त्यांना गुण देईल, प्रसंगी नापास करील, त्या दिवशी ती विद्या होईल. उलट, मांगाच्या मुलाला हलगी नको असेल, सतार हवी असेल, तर सतार मिळाली पाहिजे. 'तुझे ते घरचेच आहे, तुला सोपे जाईल' असे सांगून त्याला हलगीकडे ढकलणे म्हणजे जुनी वेठ नव्या गुणपत्रिकेत लिहिणे होय.

चामड्याचा प्रश्नही असाच आहे. तबल्यावरची टाळी सर्वांना ऐकू येते. तबल्याची पुडी कोण तयार करतो, शाई कोण भरतो, वादी कोण ओढतो, हे अभ्यासक्रमाला ठाऊक नसते. तामिळनाडूत मृदंग तयार करणाऱ्या, बहुतांशी दलित, कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली पुस्तक लिहिले. त्याच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्र या संस्थेने आधी सभागृह दिले आणि नंतर ती परवानगी मागे घेतली. मृदंगाचा नाद सभागृहात चालतो, मृदंगाच्या कातड्याची गोष्ट चालत नाही! संगीताचे 'बाहेर' कोठून सुरू होते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

६

एवढ्या विवेचनानंतर मी अटींकडे येतो. टीका करून हात झटकणे शिक्षकाला शोभत नाही. काय हवे तेही त्याने सांगावे.

पहिली अट प्रवेशाची. प्रवेश स्वतः केलेल्या रचनांवर व्हावा. विद्यार्थ्याने आपल्या तीन रचना ऐकवाव्यात, कोणत्याही वाद्यावर, कोणत्याही भाषेत. गोंडी, माडिया, झाडीबोली, काहीही चालेल. स्वरलिपी लिहिता आली पाहिजे ही प्रवेशाची अट नसावी, ती पदवीच्या शेवटची अट असावी. जे घरात मिळालेले नाही ते दारातच मागणे हा जुना डाव आहे.

दुसरी अट आतल्या विषयांची. राग, ताल, स्वरलिपी हे सर्वांना सक्तीचे असावे. त्याच मापाने जलसा, दंडार, रेला, किंगरी यांपैकी किमान दोन परंपरांचे शिक्षण सर्वांना सक्तीचे असावे. एक सक्तीचे आणि दुसरे ऐच्छिक असे झाले की उतरंड पुन्हा उभी राहते. आणि दर सत्राच्या परीक्षेत किमान अर्धे गुण नव्या रचनेला असावेत. रचनाच करायची नसेल तर पदवीला रचनेचे नाव कशाला?

तिसरी अट बाहेरच्या क्षेत्राची. ते अठरा-वीस श्रेयांक उरकून टाकण्यासाठी नसावेत. आमच्या भागातील रचनाकाराला मी तीन क्षेत्रे सुचवीन. एक, भाषा. गोंडीला अजून आठव्या अनुसूचीत स्थान नाही. ती गाण्यात जिवंत आहे, तेव्हा तिचे व्याकरण आणि तिचा शब्दसंग्रह रचनाकारानेच शिकायला हवा. दोन, कायदा. कॉपीराइट, वनहक्क, पेसा, आणि भाषणस्वातंत्र्य. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला. अशा लढ्यांची गाणी होतात. गाणाऱ्याला आपला हक्क कोठे संपतो आणि पोलिसांचा अधिकार कोठे सुरू होतो हे ठाऊक नसेल तर त्याला गाण्याची किंमत तुरुंगात मोजावी लागते. कबीर कला मंचाच्या कलावंतांनी २०१३ आणि २०२० साली ती मोजली. तीन, ध्वनिमुद्रण आणि हिशेब. ज्याला स्वतःचे गाणे मुद्रित करता येत नाही आणि करारनामा वाचता येत नाही, त्याचे गाणे दुसऱ्याच्या मालकीचे होते. आणि हा नियम दुहेरी असावा. अभियांत्रिकी, वाणिज्य, विज्ञान शिकणाऱ्या मुलांनाही आमचे संगीत बाहेरचे क्षेत्र म्हणून पूर्ण श्रेयांकांनी घेता आले पाहिजे.

चौथी अट हजेरीची. ती बारीक वाटेल, पण खरी गळती तेथेच होते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तेथून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून दूर. रोवणीच्या दिवसांत घरी हात लागतात, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. माझ्या वर्गातील एक विद्यार्थी दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांना की-बोर्ड वाजवतो, चालीही स्वतः बांधतो. रात्रभर प्रयोग, पहाटे टेम्पोतून परत. सकाळच्या तासाला त्याची गैरहजेरी मांडताना मला नेहमी वाटते की, या घटकेला संगीतरचनेचे काम या इमारतीत कोणी करीत असेल तर तो हाच, आणि नियमाने तो अपात्र आहे. नव्या चौकटीत प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. झाडीपट्टीचा एक मोसम म्हणजे तेच प्रशिक्षण, असे विद्यापीठाने मान्य करावे. पूर्वी मिळवलेल्या ज्ञानाला मान्यता देण्याचे तत्त्वही २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात आहे. ते कागदावरून खाली उतरवावे.

पाचवी अट शिक्षकाची. इतर चारही अटी तिच्यावर उभ्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत व्यावसायिक कलावंताला प्राध्यापक होण्याची पर्यायी वाट आहे. पण तिच्यावर आकाशवाणी-दूरदर्शनची 'अ' श्रेणी यांसारख्या खुणा रोवलेल्या आहेत. किंगरी वाजवणाऱ्या माणसाला ही श्रेणी कोण देणार? २०२३ साली आयोगाने स्थानिक कलावंतांना महाविद्यालयात घेण्याची योजना काढली. तिच्यात गुरू, परमगुरू आणि परमेष्ठी गुरू अशा पायऱ्या आहेत. आमच्याकडे शाहिराला 'दादा' म्हणतात, त्याच्या पायावर डोके ठेवत नाहीत. नावाचे राहू द्या. या योजनेतील कलावंत पाहुणा असतो, अभ्यास मंडळावर नसतो. मला तो अभ्यास मंडळावर हवा. प्रश्नपत्रिका काढताना हवा. आणि भरतीत आरक्षणाची बिंदुनामावली जशी इतर विषयांना लागते तशीच ती संगीताला लागावी. 'योग्य उमेदवार मिळाला नाही' हे वाक्य संगीतात फार सहज लिहिता येते, कारण योग्यतेची व्याख्या करणारे आणि ती तपासणारे एकच असतात.

ही पदवी उद्या सकाळी सुरू होईल असा माझा भ्रम नाही. मंजुऱ्या, पदे, इमारती, निधी यांची वाट लांब आहे. पण अभ्यासक्रमाचे मसुदे जेव्हा हरकतींसाठी प्रसिद्ध होतात, तेव्हा आपल्याकडून त्यांवर किती हरकती जातात? आरक्षणाच्या आदेशातील एक शब्द बदलला तर आपण मोर्चा काढतो आणि ते योग्यच आहे. तीच जागरूकता पाठ्यक्रमाच्या पानांबाबतही हवी. शिक्षकांनी अभ्यास मंडळांत हा विषय मांडावा. विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील एकेका रचनाकाराचे नाव, त्याची गाणी, त्याच्या चाली यांची नोंद आत्ताच करायला घ्यावी, मोबाइलवर करावी, पण नावासकट करावी. उद्या विद्यापीठ विचारील की शिकवायला साहित्य कोठे आहे, तेव्हा ती नोंदवही टेबलावर ठेवता आली पाहिजे. या त्रैमासिकाने अशा नोंदींसाठी दर अंकात चार पाने राखावीत, अशी माझी संपादकांना विनंती आहे. पहिल्या नोंदी चंद्रपूर आणि गडचिरोलीतून पाठवण्याची जबाबदारी मी आणि माझे विद्यार्थी घेतो.